उसन्या आवाजातली गाणी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

श्रोतेहो, पडद्यावर मधुबाला ओठ हलवते आणि आवाज येतो लता मंगेशकरांचा. यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा, हा करार आपल्याकडे इतका जुना आहे की तो करार आहे हेच आपण विसरून गेलो आहोत. पण १९८१ साली अमेरिकेतल्या एका चित्रपटात हाच प्रकार उघडउघड घडला आणि तिथल्या प्रेक्षकांची पार गडबड उडाली. नायक बोलता बोलता तोंड उघडतो आणि त्यातून पन्नास वर्षांपूर्वीच्या, खरखरणाऱ्या रेकॉर्डवरचा आवाज बाहेर पडतो. पहिल्या गाण्यात तर तो आवाज चक्क एका बाईचा!

त्या चित्रपटाचे नाव ‘पेनीज फ्रॉम हेवन’. स्वर्गातून पडणारी नाणी, असा त्याचा साधा अर्थ. दिग्दर्शक हर्बर्ट रॉस, लेखक डेनिस पॉटर, नायक स्टीव्ह मार्टिन. एमजीएम या बड्या कंपनीने त्यावर सुमारे २ कोटी २० लाख डॉलर खर्च केले आणि १९८१च्या डिसेंबरात, नाताळाच्या तोंडावर तो प्रदर्शित केला. अमेरिकेत त्याची तिकीटविक्री १ कोटी डॉलरपर्यंतही पोचली नाही. त्या काळाच्या हिशेबाने हा सपाटून मार होता. त्यानंतर बरीच वर्षे हा चित्रपट अपयशाचे उदाहरण म्हणूनच सांगितला जाई. आज त्याच्याबद्दल बोलायचे ते एवढ्यासाठी, की माझ्या मते हॉलिवूडने केलेल्या संगीतपटांपैकी हा एक अतिशय प्रामाणिक चित्रपट आहे. आणि तो समजून घेण्याची गुरुकिल्ली आपल्यासारख्या, उसन्या आवाजांवर वाढलेल्या प्रेक्षकांच्या हाती आहे.

आधी गोष्ट सांगतो. साल १९३४, ठिकाण शिकागो. अमेरिका महामंदीत बुडालेली. १९३३ मध्ये तिथे दर चार कामगारांमागे जवळजवळ एक बेकार होता, यावरून काळाची कल्पना यावी. अशा दिवसांत आर्थर पार्कर हा गृहस्थ गावोगाव फिरून गाण्यांच्या छापील प्रती विकतो. तेव्हा घरोघरी पियानो असत आणि लोक नव्या गाण्याचे शब्द आणि स्वरलिपी दुकानातून विकत आणून घरी वाजवत. पण मंदीत लोकांच्या खिशात पैसा नाही आणि रेडिओवर गाणे फुकट ऐकू येते. आर्थरचा माल खपत नाही. तरी त्याचा गाण्यांवरचा विश्वास मात्र अढळ आहे. गाण्यात जे सांगितले आहे ते कुठेतरी खरे असलेच पाहिजे, असे त्याला मनापासून वाटते.

त्याची बायको जोन सोवळ्या वळणाची, संसाराला आणि नवऱ्यालाही घाबरलेली. तिच्याकडे वडिलांनी ठेवलेला थोडा पैसा आहे. आर्थरला स्वतःचे रेकॉर्डचे दुकान काढायचे आहे, पण बँक कर्ज देत नाही. फिरतीवर असताना गालीना नावाच्या गावी त्याला आयलीन ही शाळामास्तरीण भेटते. आपले लग्न झालेले नाही, अशी थाप तो तिला मारतो. तिला दिवस जातात, तिची नोकरी सुटते, ती शिकागोला येते. तिथे टॉम नावाच्या दलालाच्या हाती लागते आणि शरीरविक्रय करू लागते. दरम्यान आर्थरने रस्त्यावर गाडीत घेतलेला एक तोतरा, भणंग ॲकॉर्डियनवाला कथेत पुन्हा पुन्हा डोकावत राहतो. एका आंधळ्या मुलीचा खून होतो. खुनी तो ॲकॉर्डियनवालाच, हे आपल्याला कळते. पण पोलीस पकडतात आर्थरला आणि त्याला फाशी होते.

अशा कथेत नाचगाणी! आणि गाणी कोणती, तर तिसाच्या दशकातली, प्रेमाची, चांदण्याची, उद्या सगळे ठीक होईल असे सांगणारी. बिंग क्रॉस्बी, कॉनी बॉसवेल, हेलन केन यांच्या मूळ ध्वनिमुद्रिका. चित्रपटाचे नाव ज्या गाण्यावरून घेतले, ते १९३६ साली याच नावाच्या दुसऱ्या एका चित्रपटात बिंग क्रॉस्बीने गाऊन लोकप्रिय केले होते. इथे ते गाणे ॲकॉर्डियनवाल्याच्या ओठांवर येते.

ही सगळी कल्पना मूळची डेनिस पॉटर यांची. पॉटर इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरच्या फॉरेस्ट ऑफ डीन या भागातले, कोळसा खाणीत काम करणाऱ्या मजुराचे चिरंजीव. शिष्यवृत्तीच्या बळावर ते ऑक्सफर्डपर्यंत पोचले. तरुण वयातच त्यांना त्वचा आणि सांधे पोखरणारा सोरायसिसचा उग्र आजार जडला. त्यांची बोटे इतकी वाकडी झाली की लेखणी धरणेही कठीण व्हावे. १९९४ साली ते वारले. या माणसाने आयुष्यभर मुख्यतः दूरचित्रवाणीसाठी लिहिले. ‘पेनीज फ्रॉम हेवन’ ही त्यांची सहा भागांची मालिका बीबीसीने १९७८ साली दाखवली. तीत आर्थरचे काम बॉब हॉस्किन्स यांनी केले होते आणि कथा अर्थातच इंग्लंडमध्ये घडत होती. मालिका गाजली. मग एमजीएमने हक्क घेतले, पॉटर यांनी स्वतःच पटकथा नव्याने लिहिली आणि गोष्ट शिकागोला गेली. या पटकथेला ऑस्करचे नामांकनही मिळाले.

आता त्या उसन्या आवाजाकडे येऊ. कारण सगळी मेख तिथेच आहे.

हॉलिवूडलाही पार्श्वगायन माहीत होतेच. ‘द किंग अँड आय’ (१९५६) मध्ये डेबोरा कर यांच्यासाठी, ‘वेस्ट साइड स्टोरी’ (१९६१) मध्ये नॅटली वुड यांच्यासाठी आणि ‘माय फेअर लेडी’ (१९६४) मध्ये ऑड्री हेपबर्न यांच्यासाठी एकच गायिका गायली होती : मार्नी निक्सन. पण त्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत तिचे नाव नव्हते. उसना आवाज ही तिथे झाकून ठेवण्याची गोष्ट होती. ‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२) या लाडक्या चित्रपटाचा शेवट आठवा. गर्विष्ठ नटी रंगमंचावर ओठ हलवत असते, मागचा पडदा वर जातो आणि खरी गाणारी मुलगी उघडी पडते. प्रेक्षक हसतात, न्याय होतो. थोडक्यात, दुसऱ्याच्या गळ्याने गाणे ही तिथे चोरी आणि ती उघडकीला येणे म्हणजे सत्याचा विजय.

आपल्याकडे याच्या उलट झाले. १९३१ च्या ‘आलम आरा’त किंवा १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त नटनटी स्वतःच गात. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने बंगाली ‘भाग्यचक्र’ आणि हिंदी ‘धूप छाँव’ या चित्रपटांत पार्श्वगायन वापरले आणि हळूहळू तोच शिरस्ता झाला. सुरुवातीला आपल्याकडेही गाणाऱ्याचे नाव मागेच राही. ‘महल’ (१९४९) मधल्या लताबाईंच्या प्रसिद्ध गाण्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे छापले होते, म्हणजे मधुबालाच्या भूमिकेचे नाव! हे गायले कोणी, अशी विचारणा करणारी पत्रे श्रोत्यांनी रेडिओला पाठवली, असे सांगतात. मग मात्र पडदा वर गेला आणि आपण हसलो नाही. आपण त्या आवाजालाही डोक्यावर घेतले. पुढे १९५९ पासून फिल्मफेअरने पार्श्वगायनासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला. दोन माणसे मिळून एक गाणे उभे करतात, हे आपण मान्य करून टाकले.

पॉटर यांनी तिसरीच वाट घेतली. त्यांनी आवाज लपवला नाही आणि तो नटाला शोभेल असा निवडलाही नाही. रेकॉर्डची खरखर, जुन्या मायक्रोफोनचा कोंदटपणा, सारे तसेच ठेवले. बायकोने पाठ फिरवल्यावर बिछान्यात बसलेला आर्थर गाऊ लागतो तेव्हा त्याच्या तोंडून कॉनी बॉसवेलचा आवाज येतो. पुरुषाच्या तोंडी बाईचा गळा. क्षणभर हसू येते आणि लगेच ते विरते. कारण हा माणूस जे बोलू पाहतो आहे, त्यासाठी त्याच्याजवळ स्वतःचे शब्द नाहीत हे आपल्या लक्षात येते. चारचौघांत बोलण्याचे शिक्षण नाही, मन मोकळे करण्याची रीत नाही, कोणी ऐकून घेत नाही. त्याच्याजवळ आहेत ती फक्त गाणी, तीही दुसऱ्याची, आणि तो ती विकून पोट भरतो. म्हणून तो त्यांतूनच बोलतो. चित्रपटाचे म्हणणे मला दिसते ते हे : ज्यांना आवाज नाही, त्यांना गाण्याने आवाज उसना दिला. उसनवारी परत करण्याची वेळ आली तेव्हा मात्र ते गाणे कामाला आले नाही.

बँकेतला प्रसंग पाहा. कर्ज नाकारणारा मॅनेजर मख्ख चेहऱ्याने समोर बसला आहे. एकाएकी प्रकाश बदलतो, मॅनेजर हसतो आणि आर्थरबरोबर नाचू लागतो. मुलींचे ताफे येतात, पैशांचा पाऊस पडतो. गाणे संपते. मॅनेजर पुन्हा तसाच मख्ख, आणि कर्ज नाही ते नाहीच. एरवीच्या संगीतपटात गाण्यामुळे गोष्ट पुढे सरकते. नायक गातो आणि नायिका वश होते. इथे गाणे संपल्यावर माणसे पहिल्या जागीच असतात, किंबहुना थोडी मागेच.

ॲकॉर्डियनवाल्याचे गाणे तर अंगावर येते. आर्थर त्याला एका साध्या खाणावळीत जेवू घालतो. भुकेलेला माणूस अधाशासारखा खातो. मग तो बाहेर येतो, आर्थर ट्रेसी या गायकाच्या १९३७ च्या रेकॉर्डवर ओठ हलवतो आणि पावसात नाचू लागतो. पाऊस पाण्याचा राहत नाही, सोनेरी नाण्यांचा होतो. मागे मंदीतल्या बेघर, भुकेल्या माणसांची अवाढव्य चित्रे आहेत. व्हर्नेल बॅग्नेरिस या नटाने हे काम केले आहे. त्याच्या हातापायांत एक विचित्र सैलपणा आहे. बाहुलीच्या दोऱ्या कोणी वरून हलवाव्यात तसा तो नाचतो. हाच माणूस पुढे खून करणार आहे. आपल्याला त्याची कीवही येते आणि भीतीही वाटते, आणि या दोन भावना चित्रपट वेगळ्या करू देत नाही.

डोळ्यांना दिसते तेही तितकेच विचारपूर्वक केलेले आहे. छायाचित्रण गॉर्डन विलिस यांचे, म्हणजे ज्यांनी ‘गॉडफादर’ अंधारात चित्रित करण्याचे धाडस केले होते तेच. दृश्यांची आखणी केन अ‍ॅडम यांची, जेम्स बाँडच्या चित्रपटांतले भव्य सेट उभारणारे. या दोघांनी अमेरिकन चित्रकारांची चित्रे जशीच्या तशी पडद्यावर उभी केली. एडवर्ड हॉपरच्या ‘नाइटहॉक्स’मधले रात्रीचे उपाहारगृह, त्याच्याच ‘न्यूयॉर्क मूव्ही’मधली चित्रपटगृहातली एकाकी दरवाननीण, रेजिनाल्ड मार्शच्या चित्रातले स्वस्त चित्रपटगृहाचे दार. पात्रे चालत चालत चित्रात शिरतात आणि क्षणभर गोठतात. काटेकोर माणूस म्हणेल, ‘नाइटहॉक्स’ तर १९४२ चे, ते १९३४ च्या कथेत कसे? बरोबर आहे. जिच्या रेकॉर्ड वाजतात ती काही गाणीही कथेनंतरच्या सालातली आहेत. पण या चित्रपटात काळ हा कॅलेंडरचा काळ नाहीच. लोकांच्या आठवणीत ‘ते दिवस’ जसे एकत्र गोळा होऊन बसतात, तसा तो आहे. मूळ ‘नाइटहॉक्स’ शिकागोच्याच कलासंग्रहालयात आहे, हा आणखी एक योगायोग.

मग एवढे सगळे असून प्रेक्षक का आले नाहीत?

पहिले कारण स्टीव्ह मार्टिन. तेव्हा ते अमेरिकेतले सर्वांत लोकप्रिय विनोदवीर होते. १९७९ चा ‘द जर्क’ तुफान चालला होता. लोक त्यांच्या अचाट विनोदाला हसायला येणार आणि पडद्यावर भेटणार एक थापाड्या, दुबळा, केविलवाणा माणूस, जो शेवटी फासावर जातो. मार्टिन यांनी या भूमिकेसाठी महिनोन्‌महिने टॅप नृत्य शिकून घेतले होते. पण प्रेक्षकांना त्यांचे कष्ट नको होते, त्यांचे हसू हवे होते. आपल्याकडे एखाद्या लोकप्रिय विनोदी नटाने गंभीर भूमिका केली की काय होते, हे मराठी प्रेक्षकाला वेगळे सांगायला नको.

दुसरे कारण काळ. साठीच्या दशकाच्या अखेरीस ‘हॅलो, डॉली!’सारखे महागडे संगीतपट तोट्यात गेले होते आणि हॉलिवूडने या प्रकाराची धास्ती घेतली होती. त्यात १९८१ च्या मध्यापासून अमेरिकेत पुन्हा मंदी सुरू झाली. मंदीत माणसे विसरण्यासाठी चित्रपट पाहतात. मंदीची आठवण करून घ्यायला, तेही सणाच्या दिवसांत, कोण येणार?

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आवडत्या वस्तूचा कोणीतरी उपहास करतो आहे, असे अनेकांना वाटले. ‘फॉलो द फ्लीट’ (१९३६) या फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांच्या चित्रपटातले एक अजरामर नृत्य इथे वापरले आहे. आर्थर आणि आयलीन चित्रपटगृहात ते पाहत असतात. बघता बघता आर्थर उठतो, पडद्यासमोर नाचू लागतो आणि मग दोघेही त्या कृष्णधवल जगात शिरतात. अंगावर तसाच झुळझुळीत पोशाख, तशीच टोपी, तशाच गिरक्या. पण मागे नाचणाऱ्या पुरुषांच्या हातांतल्या काठ्या एका लयीत आपटू लागतात आणि त्यांची रांग तुरुंगाच्या गजांसारखी दिसू लागते. खुद्द अस्टेअर तेव्हा हयात होते. त्यांना हा चित्रपट मुळीच आवडला नाही आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले. ज्या माणसाने आपले आयुष्य त्या लालित्याला वाहिले, त्याला असे वाटणे मी समजू शकतो.

तरीही मला तो उपहास वाटत नाही. उपहास कसा असतो ते आपण पाहिलेले आहे. व्ही. शांताराम यांच्या ‘माणूस’ (१९३९) मध्ये बॉम्बे टॉकीजच्या धाटणीच्या गुळगुळीत प्रेमगीताची झकास टर उडवली आहे. तिथे दिग्दर्शक त्या गाण्याच्या बाहेर उभा राहून हसतो, कारण त्याला पोलीस शिपाई आणि वेश्या यांची खरी, खडबडीत कहाणी सांगायची आहे. रॉस आणि पॉटर बाहेर उभे राहत नाहीत. त्यांच्या चित्रपटातली नृत्ये जुन्या एमजीएमच्या तोडीची, मनापासून बसवलेली आहेत. रॉस स्वतः नर्तक आणि नृत्यदिग्दर्शक होते. ख्रिस्तोफर वॉकेन यांनी रंगवलेला दलाल दारूच्या गुत्त्यातल्या टेबलावर आणि बारवर चढून एकेक कपडा उतरवत टॅप नाचतो, तेव्हा आपण त्या नाचावर खूश होतो, आणि हा माणूस एका असहाय बाईला धंद्याला लावतो आहे हेही आपल्याला ठाऊक असते. गाणे खोटे असते तर प्रश्न सोपा होता. गाणे सुंदर आहे, म्हणूनच प्रश्न कठीण होतो.

आणि चित्रपट आर्थरलाही सोडत नाही. न केलेल्या खुनासाठी तो फाशी जातो, हा अन्याय खराच. पण जे त्याने केले, त्याचा खटला कुठेच उभा राहत नाही. आयलीनला फसवले, जोनचा पैसा घेतला, तिच्या भीतीची कधी विचारपूस केली नाही. जोनचे काम जेसिका हार्पर यांनी केले आहे. एका प्रसंगात नवऱ्याला खूश ठेवण्यासाठी ती स्वतःला न पटणारी गोष्ट करते आणि नंतर आपले पैसे त्याच्या हवाली करते. तो प्रसंग पाहताना घशात काहीतरी अडकते. आर्थरच्या गाण्यातल्या स्वप्नाचे बिल कोणी भरले, तर या दोन बायकांनी. गाण्यांवर विश्वास ठेवणारा माणूस भाबडा असतो, पण निरुपद्रवी असतोच असे नाही, हे चित्रपट शांतपणे सांगतो. आयलीन झालेल्या बर्नाडेट पीटर्स यांना या भूमिकेसाठी गोल्डन ग्लोब मिळाला. सुरुवातीची बुजरी मास्तरीण आणि शेवटची जगाला पुरती ओळखून असलेली बाई, हा प्रवास त्यांनी असा केला आहे की आर्थरपेक्षा तिचीच गोष्ट जास्त लक्षात राहावी.

चित्रपटात उणिवा नाहीत असे नाही. मालिकेला सहा भागांचा ऐसपैस अवकाश होता. तिथे माणसे हळूहळू उलगडत. इथे दोन तासांहूनही कमी वेळात सगळे उरकावे लागले, त्यामुळे आयलीनची घसरण फार झपाट्याने होते. शिवाय दारिद्र्यावरचा चित्रपट २ कोटी २० लाख डॉलर खर्चून करायचा, यात एक विसंगती आहेच. बॉब हॉस्किन्स यांच्या आर्थरला जो घामाचा वास होता, तो मार्टिन यांच्या आर्थरला नाही. काही प्रसंग इतके देखणे आहेत की दुःख त्यांत थोडे गारठून जाते.

एक दुर्दैवी गोष्ट अशीही झाली की या चित्रपटामुळे मूळ मालिकेवर अन्याय झाला. हक्क एमजीएमकडे गेल्यामुळे बीबीसीला आपलीच मालिका पुन्हा दाखवता येईना. १९९० मध्ये ती पुन्हा पडद्यावर आली. म्हणजे मधली दहा-बारा वर्षे चित्रपट पडलेला आणि मालिका कुलपात, अशी स्थिती होती. दोन्हींबद्दल लोक केवळ ऐकून बोलत होते.

या चित्रपटाच्या बाजूने सुरुवातीलाच उभ्या राहिलेल्यांत ‘न्यूयॉर्कर’च्या समीक्षक पॉलिन केल ठळक होत्या. त्यांनी त्याची मनःपूर्वक स्तुती केली होती. मग घरोघरी व्हिडिओ कॅसेट आल्या, पुढे २००४ मध्ये डीव्हीडी आली आणि चित्रपट एकेकट्या माणसाला भेटू लागला. पडेल चित्रपटाला असा दुसरा जन्म मिळणे आपल्याला अपरिचित नाही. गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ १९५९ मध्ये पडला, आणि त्यानंतर दिग्दर्शक म्हणून त्यांनी पुन्हा कोणत्याही चित्रपटाला नाव दिले नाही. त्याची थोरवी पुढच्या पिढ्यांनी गायली. ती ऐकायला ते नव्हते.

पॉटर यांच्या युक्तीचे वंशजही निघाले. त्यांनी स्वतः १९८६ च्या ‘द सिंगिंग डिटेक्टिव्ह’ मालिकेत ती आणखी खोलवर नेली. फ्रेंच दिग्दर्शक अलँ रेने यांनी १९९७ मध्ये केलेल्या एका चित्रपटात पॅरिसमधली साधी माणसे बोलता बोलता जुन्या फ्रेंच गाण्यांवर ओठ हलवू लागतात. तो चित्रपट रेने यांनी पॉटर यांनाच अर्पण केला. लार्स फॉन ट्रायर यांच्या ‘डान्सर इन द डार्क’ (२०००) मध्ये अंध होत चाललेली कामगार बाई यंत्रांच्या आवाजात गाणी ऐकते आणि शेवटी फासावर जाते. त्याला कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ‘शिकागो’ (२००२) मध्ये खुनी नायिकेच्या मनातल्या रंगमंचावर सारी गाणी घडतात. त्याला उत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. १९८१ मध्ये जे खटकले, ते वीस वर्षांनी रुळले होते. तरी प्रश्न कायमचा सुटला असे नाही. २०२४ मध्ये ‘जोकर’च्या दुसऱ्या भागात भ्रमिष्ट नायकाच्या तोंडी जुनी गाणी आली, आणि प्रेक्षकांनी त्याकडेही पाठ फिरवली. अंधाऱ्या कथेत गाणे आले की प्रेक्षक अजूनही बिचकतो. गाणे म्हणजे दिलासा, ही आपली समजूत फार घट्ट आहे.

आपणही रोज गाण्याच्या आधारानेच जगतो. स्वयंपाकघरात रेडिओ लावून भाकरी थापणारी बाई, रात्रपाळीचा वॉचमन, लांब पल्ल्याचा ट्रकवाला, यांना विचारा. त्यांचे प्रेम, त्यांचा विरह, त्यांची आशा कोणाच्या तरी गळ्यातून येते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पॉटरही त्या गाण्यांना खोटी म्हणत नाहीत. त्या गाण्यांतले जग माणसाला मिळायला हवे होते, असेच ते म्हणतात, आणि ते मिळाले नाही याचा हिशेब मागतात. हा हिशेब गाणाऱ्याकडून मागायचा नसतो. तो बँकेच्या मॅनेजरकडून, शाळेतून काढून टाकणाऱ्या व्यवस्थेकडून, निरपराध माणसाला फासावर देणाऱ्या न्यायाकडून मागायचा असतो. आणि घरातल्या बाईला फसवणाऱ्या आर्थरकडूनही.

म्हणून शेवट पाहताना मला हसावे की रडावे कळत नाही. वधस्तंभावर उभा असलेला आर्थर त्या शीर्षकगीताचे शब्द म्हणतो. गात नाही, नुसते म्हणतो, आणि या वेळी रेकॉर्ड वाजत नाही. आवाज त्याचा स्वतःचा आहे. साऱ्या चित्रपटात उसन्या गळ्याने गाणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाज सापडतो तो असा, अगदी शेवटच्या क्षणी. आणि दुसऱ्याच क्षणी तो आयलीनपुढे हजर होतो. एवढे सोसल्यावर गोड शेवट नाही म्हणजे काय, गाण्यांत असे होत नसते, अशा अर्थाचे काहीतरी बोलतो. नर्तकींचा ताफा येतो, वाद्ये वाजू लागतात, उसना आवाज परत येतो. हा शेवट खोटा आहे हे चित्रपटाला ठाऊक आहे, आपल्यालाही ठाऊक आहे. तरी पाय ठेका धरतातच.